वाळवंटातल्या चिरेत

अमेरिकेत मुलांकडे गेलेली आपली मंडळी ग्रँड कॅन्यन पाहून येतातच. कड्यावर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत दरीच दरी. पण त्याच ॲरिझोना राज्यात, अगदी उत्तरेला, एक दरी अशी आहे की वीस पावलांवर उभे असलात तरी ती दिसत नाही. सपाट खडक, तांबूस वाळू, खुरटी झुडपं आणि त्या खडकाला गेलेली एक चीर. उन्हाळ्यात शेताला भेग पडते तशी. या चिरेत माणसं उतरतात, तासभर चालतात आणि दुसऱ्या टोकाला जमिनीतून उगवल्यासारखी वर येतात.

हे अँटिलोप कॅन्यन. गावाचं नाव पेज. ग्लेन कॅन्यन धरण बांधायला आलेल्या माणसांसाठी १९५७ साली वसवलेलं. दरी मात्र नवाहो लोकांच्या भूमीवर आहे. हे लोक स्वतःला दिने म्हणवतात. दरीचे दोन भाग आहेत, वरचा आणि खालचा. वरच्या भागाच्या नवाहो नावाचा अर्थ 'जिथे पाणी खडकांतून वाहतं ती जागा'. इंग्रजी नावात हरणं आली, पाणी गेलं. मला विचाराल तर महत्त्वाचं तेवढंच गळलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही लेकीकडे फिनिक्सला होतो, तिथून साडेचार तास गाडीने पेजला गेलो. इथे घड्याळाचीही एक गंमत आहे. उन्हाळ्यात नवाहो भूमीवर वेळ एक तास पुढे असते, उरलेल्या ॲरिझोनात नसते. सहली पेजच्या वेळेने निघतात, पण फोन कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. जावईबापूंनी शेवटी मनगटावरच्या घड्याळावर भरवसा ठेवला.

वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. आमची वाटाडी पंचविशीतली नवाहो मुलगी होती. पाठपिशवी नाही, तिपाई नाही, पाण्याची बाटली तेवढी हातात. खालच्या भागात उतरायला लोखंडी जिने आहेत, चांगलेच उभे. माझे गुडघे तक्रार करत होते आणि खालून लेक ओरडत होती, "आई, तोंड जिन्याकडे कर, आणि डोकं सांभाळ!"

खाली पाय टेकले, आणि बोलणं थांबलं. दोन्ही बाजूंना खडक, पण खडकासारखा नाही. कुणी ओल्या मातीवरून तळहात फिरवावा तशी त्याची वळणं. कुठे दोन भिंतींत जेमतेम खांदे मावतात, कुठे छोट्या खोलीएवढी जागा. सूर्य थेट दिसतच नाही. वरच्या फटीतून ऊन एका भिंतीवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून आणखी खाली, आणि प्रत्येक टप्प्याला त्याचा रंग गडद होतो. वर पिवळसर, मध्ये नारिंगी, पायाशी विटकरी. कॅलेंडरवरच्या चित्रांत दिसतो तो भडक जांभळा रंग मला कुठे दिसला नाही. तो बराचसा कॅमेऱ्याचा. आमची वाटाडीही प्रत्येकाचा फोन घेऊन रंग कसे वाढवायचे ते दाखवत होती. मला न वाढवलेलेच आवडले.

हा खडक मुळात वाळूच्या टेकड्यांचा. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाऱ्याने उडवलेल्या वाळूचे ढीग होते. ते गाडले गेले, दाबले गेले, त्यांचा वालुकाश्म झाला. त्यातल्या लोहाने तो तांबडा झाला. भिंतींवर तिरप्या रेघा दिसतात, त्या जुन्या टेकड्यांच्या उतरणी. पुढे त्या खडकाच्या भेगांत पुराचं पाणी घुसलं. नुसत्या पाण्याने एवढं कोरलं नसतं. त्याबरोबर येणारी वाळू पॉलिश कागदासारखी खडक घासते. आपल्याकडे सांधण दरीत उतरलेल्यांना अशा अरुंद वाटेची कल्पना असेल, पण तो काळा कातळ. हा त्याहून फार मऊ.

आमची वाटाडी हसतमुख होती, पण वळणावळणाला थांबून वर बघायची. आणि तिच्या कमरेला वॉकीटॉकी होता. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "आभाळ. पण इथून दिसतं ते माझ्या उपयोगाचं नाही."

मग तिने १२ ऑगस्ट १९९७ ची हकिगत सांगितली. त्या दिवशी या जागी पाऊस नावापुरता होता. सुमारे सात मैलांवर, वरच्या अंगाला, वादळी पाऊस कोसळला. वाळवंटातली जमीन पाणी पीत असेल असं आपल्याला वाटतं. पण इथे उघडा खडक आणि विरळ झाडोरा; पाणी मुरत नाही, धावतं. ते सगळं या चिरेत शिरलं. रुंदी वाढायला जागा नाही, म्हणून उंची वाढली. अकरा पर्यटक गेले. पाण्यात सापडलेल्यांपैकी वाचला फक्त एका गटाचा सहलप्रमुख. तेव्हाचे जिने लाकडी होते, ते वाहून गेले. आताचे लोखंडी जिने खडकात बोल्टांनी बसवलेले आहेत, वर सोडायला जाळ्या आहेत, धोक्याचा भोंगा आहे. आणि तिकिटाच्या खिडकीशी सरकारी हवामान खात्याचा रेडिओ असतो. आकाशवाणीवर बोलताना हे सांगायला मला विशेष बरं वाटतं.

गंमत म्हणजे ॲरिझोनातल्या या पावसालाही तिथले लोक मान्सूनच म्हणतात. आपण त्याची वाट बघतो, ही मंडळी त्याच्यावर नजर ठेवतात.

चिरेतून वर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. दक्षिणेला, खूप दूर, करडा ढग दिसत होता, बोटाने झाकता येईल एवढा. आमच्यानंतरचा गट जिन्यापाशीच थांबवलेला. त्यातले एक गृहस्थ भांडत होते: आकाश निरभ्र आहे, आम्ही हजार मैलांवरून आलो आहोत, पैसे भरले आहेत. सहलप्रमुख शांतपणे एवढंच म्हणत होता, "पैसे परत मिळतील."

मला मात्र त्याच्या पैशांचा विचार आला. पेजजवळचं कोळशाचं मोठं वीज केंद्र २०१९ मध्ये बंद झालं, कित्येक नवाहो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मग कोविड आला. मार्च २०२० पासून जुलै २०२१ पर्यंत ही दरीही बंद होती. पोट या सहलींवर, आणि ऐन हंगामात, एका ढगाकडे बघून दुपारच्या फेऱ्या बंद. आमची वाटाडी गाडीच्या सावलीत बसून बुटांतली वाळू झाडत होती. मी विचारलं, आता पुढे? तिने खांदे उडवले. "आज एवढंच."

रात्री जावयाने उत्सुकतेपोटी तिथे फोन केला. पाणी आलं नव्हतं. ढग दुसरीकडेच सरकला होता. पहिली फेरी सकाळी ठरल्या वेळी निघेल, असं पलीकडून सांगितलं, आणि विचारलं, तुम्ही किती जण?