ग्राहींचा कारभार आणि रुग्णाची कसोटी



या वैद्यक परिषदेचा अध्यक्ष या नात्याने मी थेट विषयाकडे वळतो. कारण कोलेस्टेरॉलचे नियमन करणाऱ्या केंद्रकीय ग्राहींविषयी (न्यूक्लिअर रिसेप्टर) गेल्या तीस वर्षांत जे ज्ञान हाती आले, ते आपल्या नित्याच्या चिकित्सेस जितके उपकारक, तितकेच तिला सावध करणारे आहे.

पेशीत कोलेस्टेरॉल साचू लागले, की त्यातील काही अंशाचे ऑक्सिस्टेरॉलमध्ये रूपांतर होते, आणि ते एलएक्सआर या ग्राहीशी संलग्न होताच तो ग्राही आरएक्सआर या जोडीदारासह जनुकांवर आपला अंमल बसवून एबीसीए१ नामक प्रथिनाची निर्मिती वाढवतो. जादा कोलेस्टेरॉल मग पेशीबाहेर, एचडीएलच्या घडणीसाठी, रवाना होते. साठा फाजील झाल्याची वर्दी त्या साठ्यातूनच निघावी, ही १९९६ साली डॅलसच्या संशोधकांनी उघड केलेली व्यवस्था मला आजही विलक्षण वाटते. एबीसीए१च्या जनुकातच वैगुण्य असले तर काय होते, हे टँजिअर रोगाच्या रुग्णाच्या घशात डोकावताच दिसते: टॉन्सिल सुजलेले, नारिंगी-पिवळे, रक्तात एचडीएल जवळजवळ नाहीच.

हा ग्राही औषधाने चेतवावा आणि धमन्या निर्मळ कराव्यात, अशी आशा साहजिकच उत्पन्न झाली. परंतु यकृतात मेदाम्ले तयार करण्याचा हुकूमही तोच सोडतो, त्यामुळे प्रयोगातील उंदरांच्या यकृतात मेद साठला व ट्रायग्लिसराइड चढले. शिवाय कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले करण्याचे काम तो उंदरात वाढवतो, मनुष्यात तसे वाढवीत नाही. तेव्हा उंदराच्या दाखल्यावर रुग्णाचा निकाल देता येत नाही.

गुग्गुळाची हकीकत तर आपल्या घरचीच आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या विवेचनाचा आधार घेऊन डॉ. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली गुग्गुळावर प्रबंध सादर केला, आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यापासून गुगुलिपिड सिद्ध झाले. पित्ताम्लांना ओळखणाऱ्या एफएक्सआर या ग्राहीला गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हे द्रव्य अटकाव करते, असे २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा प्राचीन परंपरेवर आधुनिक विज्ञानाची मोहोर उमटली असे अनेकांना वाटले. मात्र पुढच्याच वर्षी अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के चढले होते, आणि काहींच्या अंगावर पुरळही उठले होते. माझ्या मते यात सुश्रुताचा अवमान नाही आणि रेणुविज्ञानाचा पराभवही नाही; औषध ग्राहीवर कसे चालते आणि रुग्णास त्याचा गुण येतो की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर रुग्णाजवळच मिळते.

म्हणून या परिषदेच्या कार्यकारी मंडळास माझी आग्रहाची विनंती आहे, की आपल्याकडील वैद्य व डॉक्टर यांना एकत्र बसवून, गुग्गुळाची प्रत आणि मात्रा आधी निश्चित करून, आपल्याच रुग्णालयांत त्याची दीर्घ मुदतीची चाचणी हाती घ्यावी. तिचा निष्कर्ष अनुकूल येवो वा प्रतिकूल, तो संपूर्ण प्रसिद्ध करावा. आणि तोवर प्रत्येक डॉक्टरने कोलेस्टेरॉलच्या रुग्णाला, तो गुग्गुळ घेतो काय, हे आवर्जून विचारून केसपेपरावर नोंदवावे.