चाऊस हे नाव कोठून आले?



आपल्या मराठवाड्यात चाऊस आडनावाची घराणी पुष्कळ आहेत. हा मूळ तुर्की शब्द लष्करातील एका हुद्द्याचा. निजामाच्या राज्यात तो अरब शिपायांना लावला गेला आणि पुढे आडनाव होऊन बसला. हे शिपाई बहुतेक हदरमौतचे होते.

नकाशा उघडा. अरबस्तानच्या दक्षिणेस येमेन देश आहे. हदरमौत हा त्याचा सर्वांत मोठा प्रांत. मुकल्ला हे त्याचे मुख्य शहर समुद्रकाठी आहे. मागे चुनखडीचे उघडे पठार. त्याला जोल म्हणतात. पठार चिरत गेलेल्या खोल दरीत वस्ती व खजुराच्या बागा आहेत. पाऊस थोडा, पण आला की पूर येतो आणि त्या पुरावरच शेती पिकते. आपल्या बोरीच्या जातीतल्या सिद्र झाडाचा तिथला मध नावाजलेला आहे.

दरीतल्या शिबाम गावी मातीच्या कच्च्या विटांची सात-सात मजली घरे आहेत. आपल्या माळवदासारखीच त्यांनाही वरचेवर डागडुजी लागते. १९८२ साली त्या गावाची जागतिक वारशात नोंद झाली. जवळचे तरीम शहर विद्वानांचे म्हणून प्रसिद्ध आहे.

पाणी व जमीन अपुरी, म्हणून माणसे जावा, पूर्व आफ्रिका आणि दख्खनला गेली. हैदराबादचा बारकस मोहल्ला त्यांच्या लष्करी बराकींवरून ओळखला जाऊ लागला. गहू व मांस घोटून केलेला त्यांचा हरीस आपल्या हलीमचा पूर्वज. हैदराबादच्या फौजेतील जमादार उमर बिन अवद अल-कुऐती यांच्या घराण्याने तर चाकरीच्या पैशावर मायदेशी राज्य उभारले. ते १९६७ पर्यंत टिकले.

परंतु सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली. फौज गेली, चाकरी गेली. ज्या घरात तलवारीखेरीज दुसरा हुन्नर नव्हता, त्या घराची चूल कशी पेटली असेल, याचा विचार करा.

पालकहो, म्हणूनच सांगणे आहे. एकाच चाकरीवर विसंबू नका. मुलाला शिकवा आणि मुलीलाही तितकेच शिकवा. आणि गोरेगावच्या मुलांनो, घरातील बुजुर्गांना आपले मूळ गाव विचारा, वहीत लिहून ठेवा. कुणाचे हदरमौत निघेल, कुणाचे शेजारचेच खेडे. दोन्ही सारखीच मोलाची आहेत. माहीत असणारी माणसे राहिली नाहीत, तर विचारणार कोणाला?