मूठ कुठल्या पोत्यातली?



सांगलीत आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने जेवणाखाण्याची, राहण्याची सोय बघावी आणि थोडक्यात आटपावं, हे मला ठाऊक आहे. त्यात मी हळदीचा व्यापारी. माझं मानसशास्त्र सौद्यापुरतं. पण मानसशास्त्राच्या या परिषदेचा विषय बायका आहे हे कळलं तेव्हा सुनेने चार पुस्तकं हातात ठेवली, आणि दुखणं ओळखीचं निघालं.

आमच्या बाजारात पोत्यात हात घालून मूठभर हळकुंडं काढतात, मोडून बघतात, मग भाव बोलतात. एकाच्या मालाची मूठ दाखवून दुसऱ्याच्या मालाचा भाव पाडला, तर यार्डात मारामारी होईल. मानसशास्त्रात मात्र तसंच घडलं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी 1958 साली शिकागोच्या परिसरातल्या 72 मुलग्यांना प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांवर नैतिक विकासाच्या पायऱ्या बांधल्या. त्यात मुलगी एकही नाही. पुढे त्याच पायऱ्यांवर बायकांना उभं केलं, तेव्हा पुष्कळजणी तिसरीवरच थांबलेल्या दिसल्या. उणीव बायकांत शोधली गेली, मापात नाही! कोहलबर्ग यांच्याबरोबर काम केलेल्या कॅरोल गिलिगन यांनी 1982 साली ‘इन अ डिफरन्ट व्हॉइस’ लिहून मापावर बोट ठेवलं. बायका नात्यांचा, काळजीचा विचार करून निवाडा देतात, हे त्यांचं म्हणणं मला मात्र सगळं पचत नाही. बाई म्हणजे माया असं एकदा ठरलं, की घरात आजाऱ्याच्या उशाशी रात्र कुणी जागायची तेही ठरूनच जातं.

मला जास्त भावल्या त्या मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हात मंदावतात, असं तेव्हाचे जाणकार बिनधास्त लिहीत. बाईंनी रोजच्या रोज चाचण्या घेतल्या आणि 1914 साली सांगितलं, असं काही दिसत नाही. हे वाचताना आई आठवली. ती त्या दिवसांत बाहेर बसायची. वहीला शिवायचं नाही, म्हणून वडील उंबऱ्यातून आकडे वाचत आणि ती तिथूनच तोंडी बेरीज सांगे. बेरीज चुकल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा एकच विनंती. निबंध वाचताना किती बायकांना विचारलंत आणि किती पुरुषांना, हे सुरुवातीलाच सांगा. मागच्या रांगेत आमचे व्यापारी बसलेत. त्यांना नमुना कळतो.