एका डोळ्याचे झाड



पालीची शेपटी तुटते. थोड्या दिवसांनी पालीला नवी शेपटी येते. पण तुटून पडलेल्या शेपटीला पाल फुटलेली कोणी पाहिली आहे काय? नाही. झाडाचे तसे नाही. शेवग्याची फांदी तोडून बांधावर रोवली, तर मूळ झाडही जगते आणि फांदीचेही झाड होते. उसाचे टिपरे जमिनीत दाबले की खाली मुळ्या आणि वर कोंब येतो. पानफुटीचे तर नुसते पान मातीवर पडू द्या. त्याच्या काठावर रोपे उभी राहतात.

हे कसे होते, ते आज आम्ही सांगणार आहोत. मुलांना आम्ही वर्षानुवर्षे शास्त्र शिकवले. पण आमचे स्वतःचे नुकसान झाले, तेव्हा कुठे हे आम्हाला नीट कळले.

डाळिंबाची गुटी तुम्ही पाहिली असेल. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची इंचभर साल गोल काढतात. सालीखाली बोटाला ओलसर, निसरडे लागते. तेही खरवडून टाकतात. मग तिथे ओले शेवाळ बांधून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात. आता गंमत पाहा. साल काढली तरी फांदी वाळत नाही. कारण मुळांकडून पाणी वर चढते ते आतल्या लाकडातून. पानांनी केलेले अन्न खाली उतरते ते मात्र सालीतून. सालीची वाटच तोडली, म्हणून अन्न तिथे अडते. कोवळ्या शेंड्यांत तयार होणारे ऑक्झिन नावाचे एक द्रव्यही तिथेच अडते. मग जखमेच्या वरच्या काठाला फुगीर गाठ येते.

झाडाचे अंग बारीक बारीक कप्प्यांचे बनलेले असते. त्यांना पेशी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. गाठीतल्या नव्या पेशी अजून ना साल असतात, ना लाकूड. पुढे काय व्हायचे ते त्यांचे ठरलेले नसते. ऑक्झिन भरपूर मिळाले की त्या मुळ्या होतात. दीड-दोन महिन्यांत कागदातून पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. ऑक्झिनच्या जोडीला दुसरे एक द्रव्य असते. ते जास्त झाले तर मुळ्यांऐवजी कोंब फुटतात. 1957 साली अमेरिकेत स्कूग आणि मिलर या दोघांनी हे तंबाखूच्या तुकड्यांवर दाखवून दिले.

आता आमची गोष्ट. नोकरी संपल्यावर आम्ही पैठण तालुक्यातल्या आमच्या रानात मोसंबीची 50 कलमे लावली. पाचोडच्या बाजारात मोसंबीच्या गाड्या भरताना पाहिल्या होत्या. आपणही एक भरावी, अशी हौस होती.

मोसंबीचे कलम म्हणजे काय? खाली रंगपूर लिंबाचे रोप. त्याला खुंट म्हणतात. खुंटाच्या सालीत चीर देऊन तिथे मोसंबीचा एक डोळा बसवतात. दोघांचे निसरडे थर एकमेकांना लागले की जखम सांधते. डोळा फुटला की खुंटाचा वरचा शेंडा कापतात. त्या एका डोळ्यापासून मोसंबीचे सगळे झाड होते. पण खालचे मूळ लिंबाचे ते लिंबाचेच राहते. ते दोघे शेजारी राहतात, एक होत नाहीत.

तिसऱ्या वर्षी आमची काही झाडे सरसर वाढली. काटे मोठे, फांद्या सरळ. आम्ही खूष! रोज संध्याकाळी त्यांनाच पाहत उभे राहायचो. पाचव्या वर्षी त्यांना नारिंगी फळे लागली. आधी वाटले, चुकून संत्री आली. चाखली तर दात आंबले.

आमच्या साक्षरता वर्गाला येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पूर्वी रोपवाटिकेत मजुरी केली होती. त्या बुंध्याशी बसल्या आणि माती बाजूला करून म्हणाल्या, “गुरुजी, ह्ये सरळ वाढलंय ना, ह्ये खुंटाचं हाय. तुमची मोसंबी ही बघा, दबून वाळली.”

सांध्याच्या खाली खुंटाचेही डोळे झोपलेले असतात. ते फुटले की लगेच बोटाने मोडायचे असतात. आम्ही त्यांना वाढवले, वर खतही घातले! 11 झाडे अशी गेली. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता.

तुम्ही विचाराल, मग सरळ बीच का लावू नये? बी होताना दोन झाडांचा मेळ होतो. पोर कोणाच्या वळणावर जाईल ते सांगता येत नाही. केसर आंब्याची कोय लावली तर केसरच येईल, असे नाही. कलमाला मात्र एकच आई. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मोगलांच्या वेळची हिमायतबाग आहे. तिथे आज परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तिथली केसरची मातृवृक्षे एकदा जाऊन पाहा. त्यांच्याच काड्या घेऊन कलमे बांधतात.

आता तर हे काम बाटलीतही होते. केळीला पेरण्यासारखे बी नसते. मुनव्याचा कोवळा गाभा बाटलीत वाढवून जळगावकडे ढिगाने रोपे तयार होतात. शेतकरी त्यांना टिश्यूची केळी म्हणतात. बाटलीत साखर, क्षार आणि आपली ती दोन द्रव्ये असतात. 1964 साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी तर धोतऱ्याच्या फुलातल्या परागापासून, म्हणजे त्या बारीक धुळीपासून, रोपे उगवली.

पण आईचा गुण येतो तसे आईचे दुखणेही येते. तेल्या रोगाच्या बागेतली डाळिंबाची गुटी आणली, तर रोग आपण पैसे देऊन घरी आणतो. म्हणून कलम घेताना आधी विचारा, हे कोणत्या झाडाचे? आपल्या राज्यात 1969 च्या कायद्याने फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो. तो पाहायला मागा. पावती घ्या आणि तिथेच उभे राहून वाचा. सांधा कुठे आहे ते बोटाने चाचपा, आणि लावताना तो मातीच्या वर ठेवा.

आमचे ते 11 खुंट आम्ही उपटले नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्याच बाईंनी त्यांच्यावर चांगल्या मोसंबीचे डोळे भरून दिले. आम्ही सुतळी धरून शेजारी उभे होतो. 7 डोळे हिरवे आहेत. 4 काळे पडले. ते येत्या थंडीत पुन्हा भरायचे आहेत.