बादलीभर पाण्यात मोटार धुणे

बीदरहून औरादकडे निघालेला रस्ता जनवाड्यावरून मांजरेच्या खोऱ्यात उतरतो, तेव्हा एकाच प्रवासात मोटारीला दोन मुलखांची धूळ लागते. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. तेथील तांबडी माती पिठासारखी उडते आणि काचेवर, टपावर अलगद येऊन बसते. खाली नदीकाठी काळी जमीन. ती ओली झाली म्हणजे चाकांना व मडगार्डांना अशी चिकटते की, वाळल्यावर तिचे ढेकूळ खरवडूनच काढावे लागते. ज्याचा संसार भाड्याच्या मोटारीवर चालतो, त्याला ही धूळ रोज सकाळी काढावीच लागते. मळक्या गाडीत लग्नाचे वऱ्हाड बसावयास राजी होत नाही. प्रश्न एवढाच की, ती काढावी कशाने?

पाण्याने, हे उत्तर सर्वांत सोपे. परंतु या भागात ते सर्वांत महागही आहे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर व बीदर जिल्ह्यांना पाणी पाजून तेलंगणात गोदावरीस मिळते. एप्रिल २०१६ मध्ये याच नदीवरील धरण आटल्यामुळे लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट सीमेच्या अलीकडील लोकांनाही विसरण्याजोगी नाही. नदी आटते तेव्हा ती राज्याची सीमा विचारून आटत नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास मनाई केली आणि मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरविला. खेड्यात असा दंड कोणी करीत नाही. तेथे हिशेब ज्याचा त्याने करावयाचा असतो. नळीतून मिनिटास दहा लिटर पाणी येते असे धरले, तरी पाव तासात दीडशे लिटर गेले. ग्रामीण भागात घरोघर नळ देण्याच्या सरकारी योजनेत दर माणशी दररोज पंचावन्न लिटर पाणी धरले आहे. म्हणजे एका मोटारीच्या स्नानात जवळजवळ तीन माणसांचा दिवस वाहून जातो. ज्या बीदरमध्ये बहामनी काळातील कारागिरांनी खडकाच्या पोटातून करेझचे भुयारी पाट खणून पाणी आणले, तेथे तरी ही उधळपट्टी शोभत नाही.

मग पुष्कळजण दुसऱ्या टोकाला जातात. पहाटे खांद्यावरचे कोरडे फडके घ्यावयाचे आणि बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत सारी गाडी खसाखसा पुसून काढावयाची! पाणी वाचले खरे, पण मोटारीचे काय झाले? रस्त्याच्या धुळीत गारेचे बारीक कण असतात आणि गार ही काचेहूनही कठीण. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारणपणे चाळीस ते पन्नास मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. कोरड्या फडक्याखाली सापडलेला कण या थरावर नांगरासारखा चालतो. सावलीत काही दिसत नाही; दुपारच्या उन्हात मात्र काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा चमकू लागतात. त्या घालवावयाच्या तर पॉलिश करून थरच थोडा झिजवावा लागतो, आणि इतका पातळ थर किती वेळा झिजविणार? गाडी विकावयास काढली म्हणजे घेणारा प्रथम याच रेषांकडे बोट दाखवितो आणि किंमत उतरते. बीदरची माती बिद्रीच्या भांड्याला काळेभोर सौंदर्य देते, हे खरे. मोटारीच्या रंगाशी तिचे असे सख्य नाही.

या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे न विसळता धुण्याचे द्रावण. ‘रिन्सलेस वॉश’ या नावाने ते बाजारात मिळते; परदेशात ही रीत रूढ झाली आणि आता आपल्याकडील शहरांतून व घरपोच माल पाठविणाऱ्या दुकानांतूनही त्याच्या बाटल्या मिळू लागल्या आहेत. साबणाशी त्याची गल्लत करू नये. साबण मळ सोडवितो, पण तो वाहून नेण्यासाठी भरपूर पाणी लागते, आणि अंगावर राहिलेला साबण वाळला की डाग पडतात. या द्रावणात थोडी स्वच्छक द्रव्ये आणि मुख्यतः लांब साखळीचे बहुवारिक रेणू, ज्यांना इंग्रजी शिकलेले लोक पॉलिमर म्हणतात, ते असतात. हे रेणू धुळीच्या कणाभोवती निसरडे आवरण घालतात व कण आणि रंग यांच्यामध्ये वंगणासारखे राहतात. पूर्वी जे काम वाहते पाणी करीत असे, म्हणजे कणाला रंगावरून उचलून दूर नेणे, ते आता अर्धे द्रावणाने व अर्धे कापडाने करावयाचे असते. ही वाटणी ज्याला उमगली, त्याला पुढील कृती निराळी शिकवावी लागत नाही. ज्याला उमगली नाही, तो बाटली महागातली आणतो आणि फडके मात्र तेच खांद्यावरचे वापरतो.

प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते व तेच पाळावे. या जातीच्या एका सुप्रसिद्ध द्रावणाचे प्रमाण एका भागास दोनशे छप्पन्न भाग पाणी असे आहे. म्हणजे लिटरला चार मिलिलिटर. आठ लिटरच्या बादलीला चहाचे साधारण सहा चमचे पुरतात. ‘जरा जास्त घातले तर जास्त स्वच्छ होईल’ ही समजूत येथे उलटी पडते. द्रावण दाट झाले की काचेवर ओघळ राहतात. बोअरचे पाणी जड असेल, तर साठविलेले पावसाचे पाणी घेणे उत्तम, नाही तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात.

गाडी सावलीत आणि थंड असावी. चैत्र-वैशाखात या भागात पत्रा इतका तापतो की, द्रावण लावता लावता वाळून जाते. म्हणून सूर्य वर येण्याआधीच हे काम उरकावे. कडुनिंबाची सावली चांगली, पण डहाळीवर कावळे बसले आहेत का, ते आधी पाहावे. प्रथम तेच द्रावण फवारणीच्या लहान पंपाने गाडीच्या एका भागावर भरपूर मारावे आणि मिनिट-दोन मिनिटे थांबावे. येथे एक सूचना शेतकऱ्यांच्या घरासाठी विशेष आहे: तुरीवर औषध मारण्याचा पंप यासाठी कदापि घेऊ नये. तो कितीही धुतला तरी त्यात विष राहते, आणि ते आधी हाताला व मग मोटारीत बसणाऱ्या मुलांना लागते. शे-दोनशे रुपयांचा वेगळा पंप पुरतो.

आता कापड. सुती फडके किंवा जुने धोतर चालत नाही. त्यांत कण पृष्ठावरच राहतो. मायक्रोफायबरच्या जाड, लवदार रुमालांत तो तंतूंच्या आत ओढला जातो. असे आठ-दहा रुमाल बादलीतच भिजत ठेवावे. एक काढून, हलका पिळून, चौघडी करावी आणि टपापासून आरंभ करून सरळ रेषेत, हात न दाबता, फिरवावे. एक बाजू मळली की घडी उलटावी. सर्व बाजू मळल्या की रुमाल निराळ्या डब्यात टाकावा. तो पुन्हा स्वच्छ बादलीत बुडविणे म्हणजे काढलेली धूळ परत बोलावणे होय. टपानंतर काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी बंपरकडील खालचा भाग, असा क्रम वरून खाली उतरावा, कारण खडी व वाळू तळाशी जास्त असते. प्रत्येक भाग ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या रुमालाने टिपून घ्यावा, घासू नये. चाकांसाठी कापड अगदी वेगळे ठेवावे, त्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवली तर चूक होत नाही. रुमाल जमिनीवर पडला, तर त्या दिवशी त्याला सुट्टी! तो झटकून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो आणि एका खड्याने दरवाजाभर रेघ उमटते.

तथापि ही रीत सर्वकाळ चालणारी नव्हे. पावसाळ्यात शेतवाटेने आलेल्या, काळ्या चिखलाने लिंपलेल्या गाडीवर ती करणे म्हणजे हाताने ओरखडे काढणे होय. बोटाला ढेकूळ लागत असेल, तर आधी साध्या पाण्याच्या दोन-तीन बादल्यांनी तो चिखल भिजवून सोडवावा आणि मगच द्रावणाकडे वळावे. तेवढे पाणी खर्च करण्यात संकोच नको. पक्ष्यांची विष्ठा वाळली असेल, तर भिजलेला रुमाल तिच्यावर काही वेळ नुसता ठेवावा. नखाने खरडू नये. आणि धुऊन झाल्यावर चकाकीसाठी डिझेल किंवा घासलेटचे फडके फिरविण्याची जी जुनी खोड चालकांत आढळते, ती सोडलेली बरी. तिने रबर खराब होते, तेलकट अंगावर धूळ दुप्पट बसते, आणि तासाभराने सारा खटाटोप पुन्हा आरंभावा लागतो.

शहरांतून महिन्याच्या पगारावर पहाटे दहा-दहा गाड्या पुसणारी मुले असतात. रेषा दिसल्या की मालक त्यांनाच बोल लावतो. पण एका फडक्यावर दहा गाड्या पुसावयास सांगणारा मालकच असतो. त्या मुलाच्या हाती सहा रुमाल आणि सहा चमचे द्रावण दिले, तर नासाडी पुष्कळशी थांबेल, व नळाशी त्याची रोजची भांडणेही कमी होतील.

काम संपल्यावर रुमाल घरच्या कपड्यांत न टाकता निराळे धुवावे, कपडे मऊ करण्याचे द्रव्य त्यांत घालू नये, कारण त्याने तंतू बुजतात. आणि ते सावलीत, धूळ न येईल अशा दोरीवर वाळवावे. बादलीत उरलेले गढूळ पाणी विहिरीजवळ किंवा मांजरेच्या पात्रात ओतू नये. रस्त्याच्या कडेला मोकळ्या जमिनीवर, गुरांच्या हौदापासून दूर, ते सोडून द्यावे. तळाशी जो बोटभर तांबडा गाळ राहतो, तोही तेथेच.