शस्त्रक्रियेनंतरची रात्र आणि श्वासावरील पहारा



शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंबीय निश्चिंत होतात. परंतु धोका तेथेच संपत नाही. वेदना शमविण्यासाठी दिली जाणारी मॉर्फिन, फेन्टानिल यांसारखी औषधे मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रालाही मंद करतात. मिनिटाला १२ ते २० वेळा चालणारा श्वास हळूहळू विरळ होतो आणि पाहणाऱ्यास मात्र रुग्ण शांत झोपला आहे असेच वाटते.

अशा वेळी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा मोठा आधार असतो. त्यामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. मात्र नाकावाटे जादा ऑक्सिजन चालू असल्यास श्वास अपुरा पडूनही त्यावरील आकडा बराच वेळ चांगला दिसतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतच राहतो. उच्छ्वासातील हा वायू मोजणारे कॅप्नोग्राफ यंत्र संकट लवकर दाखविते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉडिजी’ अभ्यासात अमेरिका, युरोप व आशियातील १६ रुग्णालयांच्या सामान्य वॉर्डांत १,३३५ रुग्णांवर अशी अखंड नजर ठेवली असता ४६ टक्के रुग्णांत श्वसन मंदावल्याचा किमान एक प्रसंग आढळला.

परंतु केवळ यंत्र लावून भागत नाही. रुग्ण खोकला, कुशीवर वळला, नळी सरकली तरी घंटा वाजते. विनाकारण वारंवार वाजणाऱ्या घंटेकडे दुर्लक्ष होणे हा मनुष्यस्वभाव होय. खरा इशारा निवडून काढण्याच्या कामी न्यूरल नेटवर्क, म्हणजेच कृत्रिम चेताजाल, उपयोगी पडते. त्याला नियम सांगत नाहीत. तज्ज्ञांनी ‘हा श्वास’, ‘हा खोकला’ अशी नोंद केलेले असंख्य नमुने दाखवितात आणि प्रत्येक चुकीनंतर त्याच्या आतील जोडण्यांचे बळ किंचित बदलतात. दुकानात मुरलेला गुमास्ता ताग्यावर बोट फिरवून पोत ओळखतो, तो अशाच सरावाने. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या ऑर व वेस्टेन्स्को यांनी १९९४ मध्येच भूलयंत्राच्या श्वासनळ्यांतील बिघाड ओळखणारी अशी प्रणाली मांडली होती.

तथापि जे नमुने दाखविलेच नाहीत, तेथे हे जाल फसू शकते. खुद्द ऑक्सिमीटरही अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधील ऑक्सिजनची कमतरता ओळखण्यात गोऱ्या रुग्णांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा चुकला. म्हणूनच अशी साधने आपल्याकडील रुग्णांवर पारखूनच स्वीकारली पाहिजेत.

साठीपुढील वय, झोपेत श्वास अडकण्याची व्याधी, हृदयविकार यांमुळे हा धोका वाढतो. घरातील वडीलधारी व्यक्ती मोठ्याने घोरत असेल, तर ते भूलतज्ज्ञांस शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. यंत्र इशारा देईल; पण धावत येऊन रुग्णास हलवून जागे करणारा आणि वेळेवर उतारा देणारा माणूसच असावा लागतो. रुग्णालयासाठी यंत्रे घेताना रात्रपाळीच्या परिचारिकांची तरतूदही तितक्याच तत्परतेने व्हावी, हीच अपेक्षा.