पऱ्हाटीचे मोल आणि वाटेचा खर्च



शेतातील अवशेषांना आपण सहजपणे ‘टाकाऊ’ म्हणतो आणि टाकाऊ म्हणजे फुकट, असे मानून चालतो. जैवइंधनाच्या कित्येक योजनांचे गणित याच समजुतीवर मांडले जाते. विदर्भातील कापसाच्या पऱ्हाटीवरून हे गणित तपासून पाहू.

वेचणी संपली की हेक्टरी साधारण दोन-तीन टन पऱ्हाटी शेतात उभी असते. ती उपटायची, गोळा करायची, बांधावर रचायची, गाडीत भरायची, कारखान्यावर पोहोचवायची. कापसाचा हंगाम एक, भट्टी मात्र बारमाही. म्हणून पावसापासून आणि आगीपासून जपत साठाही करायचा. प्रत्येक पायरीला मजुरी, डिझेल किंवा भाडे लागते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो असा!

खरी मेख आकारमानात आहे. समजा, नऊ टनी ट्रकचा हौदा शिगोशीग भरूनही मोकळी पऱ्हाटी तीनच टन मावली आणि फेरीचे भाडे तीन हजार रुपये पडले. टनामागे हजार रुपये वाटेतच गेले. तीच पऱ्हाटी गावात बारीक करून, दाबून तिच्या कांड्या केल्या, तर ट्रक पूर्ण नऊ टन नेईल आणि भाडे टनाला ३३३ रुपयांवर येईल. कांड्या करण्याचा खर्च आहेच. पण त्यातील मजुरी गावात राहते.

कारखाना चौपट मोठा केला, तर तेवढाच माल मिळवण्यासाठी दुप्पट अंतरापर्यंत जावे लागते. म्हणूनच मोठा प्रकल्प नेहमीच स्वस्त पडतो असे नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांत कोळशासोबत जैवइंधन जाळण्याचे सुधारित धोरण आणले. मागणीची सोय झाली. पुरवठ्याचे काय? उत्तरेतील भाताच्या पेंढ्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने संकलनयंत्रांच्या खर्चाची वाटणी ठरवली : शासन ६५ टक्के, उद्योग २५ आणि संकलन करणारे शेतकरी वा गट १० टक्के. संकलन हाच खर्चाचा गाभा आहे, हे त्यातून मान्य झाले. कापूसपट्ट्यानेही असाच आग्रह धरायला हवा.

पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली, तर तिच्यावर राहिलेल्या बोंडांतील गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. हा लाभ शेतकऱ्याचा आहे. मात्र तिच्याबरोबर जमिनीतील पोषणद्रव्येही जातात. ही तूट कोणत्याच बिलात दिसत नाही.

तेव्हा प्रकल्पाचे स्वागत करताना एकच प्रश्न विचारा : कारखान्याच्या दारात मिळणाऱ्या भावातून वाटखर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय उरते? ते उरले नाही, तर बांधावरची काडी पेटल्याशिवाय राहणार नाही आणि त्याचा दोष शेतकऱ्याला देता येणार नाही.